निरीक्षणाच्या रकान्यात
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘आयटी क्षेत्रातला माझा प्रवास’. त्या प्रवासात सांगण्यासारखं फार नाही. आपल्यातले निम्मेअधिक जण त्याच गाडीत बसलेले आहेत, खिडकीबाहेर काय दिसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून संयोजकांची माफी मागून दुसरंच बोलते. मागच्या दोन मेळाव्यांना मी आले नव्हते. कोणाला वाटलं मी परदेशी असेन, कोणाला वाटलं शिष्ट झाले असेन. दोन्ही खरं नाही. कारण सांगायचं तर एका इंग्रज डॉक्टरची गोष्ट सांगावी लागते, आणि त्याआधी आपल्या प्रयोगवहीची.

विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत नसेल, पण नववीत तुम्ही माझ्या प्रयोगवहीवर लाल रेघ मारली होती. कार्बन डायऑक्साइडचा प्रयोग होता. वहीत तीन रकाने : कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘कार्बन डायऑक्साइड तयार झाला.’ तुम्ही विचारलंत, “तुला डायऑक्साइड दिसला का गं?” मी गप्प. “तुला चुन्याची निवळी दुधाळ झालेली दिसली. जे दिसलं ते इथे लिही. जे वाटलं ते पलीकडच्या रकान्यात.” सगळा वर्ग हसला होता. मागच्या बाकावरचे अजूनही हसताहेत, दिसतंय मला.

ती रेघ मी सोळा वर्षं विसरले होते.

माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना एक नवी गोष्ट करू लागला. झोपेतून उठला की डोकं एकदम पुढे झुकवायचा, दोन्ही हात वर उचलले जायचे, गुडघे पोटाशी यायचे. क्षणभर. मग सैल. थोड्या वेळाने पुन्हा. असं आठ-दहा वेळा आणि मग थांबायचं. घरात सगळ्यांना कौतुक. सासूबाई म्हणाल्या, “बाळ नमस्कार करतंय, उठल्या उठल्या देवाला नमस्कार!” शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. मीही हसले. आम्ही सगळ्यांनी मिळून निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिलं होतं.

दोन आठवड्यांनी हसू विरलं. तो आधी माझ्याकडे बघून हसायचा, ते कमी झालं. खुळखुळा हातात धरायचा, तो सुटू लागला. ज्या डॉक्टरांकडे आम्ही नेहमी जायचो त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पोटात गॅस होतोय, मुलं असे पाय आखडतात. थेंब दिले. मी पुन्हा गेले, थेंब बदलले. तिसऱ्या वेळी ते जरा हसून म्हणाले, पहिलं मूल आहे ना. त्यांच्यावर माझा आता राग नाही. त्यांच्यासमोर त्याने एकदाही तसं केलं नाही, आणि मी सांगत होते ते ‘नमस्कार’ या शब्दात सांगत होते. नमस्कारावर कोण औषध देणार?

शेवटी नवऱ्याच्या साध्या फोनवर मी चाळीस सेकंदांची चित्रफीत घेतली. अंधुक, हलती. ती घेऊन मोठ्या शहरातल्या मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्या बाईंनी ती एकदा पाहिली, पुन्हा पाहिली. फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “आजच दाखल करा. घरी जाऊन पिशवी आणायला जाऊ नका, कोणाला तरी आणायला सांगा.” ईईजी झाला, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख. मग आजाराचं नाव कळलं : वेस्ट सिंड्रोम. बाळांना होणारी एक विशिष्ट प्रकारची आकडी. बहुतेकांना पहिल्या वर्षातच सुरू होते.

पहिली चित्रविचित्र ‘नमस्कार’ दिसल्यापासून त्या दिवसापर्यंत सात आठवडे गेले होते.

दवाखान्यातल्या रात्री लांब असतात. इंजेक्शनं सुरू होती, बाळ चिडचिडं झालेलं, चेहरा सुजलेला, अर्ध्या-अर्ध्या तासाने रडायचं. मला वाटलं, या वेस्टचा शोध घ्यावा. आपल्यावर ज्याचं नाव चिकटलंय तो माणूस कोण? मला वाटलं होतं, कोणी प्रयोगशाळेतला प्राध्यापक असेल. निघाला एक बाप.

विल्यम वेस्ट हे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या टनब्रिज गावचे डॉक्टर. लंडनपासून अठ्ठेचाळीस-पन्नास किलोमीटरवर. १८४० साली त्यांना मुलगा झाला, जेम्स एडविन. जन्मतः धट्टाकट्टा. चार महिन्यांचा झाला तेव्हा वेस्टना त्याचं डोकं अधूनमधून किंचित पुढे झुकताना दिसलं. आणि त्यांनी काय समजावं? मुलाची एक लकब आहे असं समजले. डॉक्टर असूनही. हे वाचलं तेव्हा मी त्या अंधाऱ्या खोलीत मोठ्याने हुंदका दिला, शेजारच्या खाटेवरच्या बाळाची आजी उठून माझ्यापाशी येऊन बसली.

मग ते झुकणं वाढलं. वेस्टनी त्या काळातले सगळे उपाय केले. जळवा लावल्या. डोक्यावर गार पट्ट्या ठेवल्या. कॅलोमेल दिलं, म्हणजे पाऱ्याचं क्षार, पोट साफ करायला. दात येत असतील म्हणून हिरड्यांना चीर दिली. ऊन पाण्यात बसवलं. मग शांत करणारी औषधं : खसखशीच्या बोंडांचा पाक, कोनियम नावाची विषारी वनस्पती, अफू. आज आपल्याला अंगावर काटा येतो, पण हे क्रौर्य नव्हतं. तेव्हाची वैद्यकी अशीच होती. दाह झालाय, तो उतरवा, एवढंच तिला माहीत होतं. आणि हे सगळं तो बाप स्वतःच्या हाताने करत होता. आठवडे गेले, झुकणं वाढतच गेलं.

आता इथे जरा थांबते, कारण मला जो प्रश्न पडला तो तुम्हालाही पडला असेल. मुलाला दवाखान्यात का नेलं नाही?

न्यायचं कुठे? १८४१ साली लंडनमध्ये मुलांचं एकही रुग्णालय नव्हतं. पॅरिसमध्ये १८०२पासून होतं. लंडनमध्ये मुलांना तपासून औषध देणारा एक दवाखाना होता, पण खाटा घातलेलं रुग्णालय नव्हतं. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांपैकी अनेकांच्या नियमांत लहान मुलांना प्रवेशच नव्हता. हाड मोडलं, मूतखडा कापायचा आहे, असं काही शस्त्रक्रियेचं असेल तरच. वेडसर आणि असाध्य दुखणाईत यांनाही नकार असे, काही ठिकाणी फेफरेवाल्यांनाही. खाटा थोड्या, त्या बऱ्या होणाऱ्यांना द्यायच्या, हा त्यामागचा हिशेब. शिवाय ही रुग्णालयं गरिबांसाठी होती. दाखल व्हायला बहुधा एखाद्या देणगीदाराचं शिफारसपत्र लागे. ऐपतदार माणसं डॉक्टर घरी बोलावत. १८४३ साली लंडनच्या रुग्णालयांची पाहणी झाली. सुमारे २,४०० रुग्णांमध्ये दहा वर्षांखालची मुलं निघाली २६. म्हणजे शंभरात एक. आणि त्याच शहरात वर्षाला होणाऱ्या सुमारे पन्नास हजार मृत्यूंमध्ये एकवीस हजार दहा वर्षांखालची मुलं असत.

हे आकडे हातात घेऊन चार्ल्स वेस्ट नावाच्या डॉक्टरांनी पुढे खटपट केली. आडनाव तेच, पण हे वेगळे वेस्ट. १८५२च्या फेब्रुवारीत त्यांनी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर एका जुन्या घरात मुलांचं रुग्णालय उघडलं. खाटा दहा. चार्ल्स डिकन्सने त्यासाठी लिहिलं, १८५८ मध्ये पैसे उभे करायला स्वतःच्या गोष्टीचं जाहीर वाचन केलं. आज ते जगातलं एक नावाजलेलं रुग्णालय आहे. पण गंमत बघा, हे रुग्णालय दहा वर्षं आधी उघडलं असतं तरी जेम्सचा उपयोग झाला नसता. सुरुवातीला तिथे दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा दाखल करून घेत नसत. तान्ह्या मुलाला आईपासून दूर ठेवणं बरं नाही, असं मत होतं. मला हे पटतं आणि पटतही नाही. आईजवळ ठेवा, पण आईलाही आत घ्या ना! आमच्या वॉर्डात खाटेखाली चटई टाकून झोपणाऱ्या आयांची रांग होती. तेवढी चटई मिळायला शंभरएक वर्षं लागली असं म्हणायचं.

मज्जासंस्थेच्या आजारांचं म्हणून वेगळं रुग्णालय लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये १८६०ला सुरू झालं. पक्षाघात आणि फेफरे असलेल्यांसाठी. तेही डॉक्टरांच्या पुढाकाराने नव्हे. चँडलर नावाच्या भावंडांच्या घरात अर्धांगाने आजारी आजी होती, तिला पाहून बहिणींनी आणि भावाने वर्गणी गोळा केली. आपल्या मुंबईचं सांगायचं तर जे. जे. रुग्णालय १८४५चं आणि मुलांसाठीचं वाडिया रुग्णालय १९२९चं. तेव्हा नुसतं इंग्लंडला हसायचं कारण नाही.

तर विल्यम वेस्टपुढे एकच वाट होती. मुलाला घेऊन लंडनच्या बड्या डॉक्टरांच्या दारी जाणं. ते गेले. टनब्रिजला आगगाडी पोचली १८४२ साली, म्हणजे हा प्रवास घोडागाडीचा. मांडीवर वर्षाच्या आतलं बाळ, दिवसातून दोन-तीनदा किंवा जास्त वेळा झटक्यांची माळ लागणारं. मला तो प्रवास डोळ्यांपुढे आणता येतो. आम्ही एसटीने गेलो होतो. पुढे बसलेल्या बाई वळून म्हणाल्या होत्या, “किती गोड, नमस्कार करतोय.”

लंडनमध्ये त्यांनी दोघांना दाखवलं. एक सर चार्ल्स क्लार्क आणि दुसरे डॉ. लोकॉक. लोकॉक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ, त्याच सुमारास राणीची पहिली मुलगी त्यांच्या देखरेखीखाली जन्मली. याहून मोठी दारं त्या देशात नव्हती. आणि त्या दारांमागे काय होतं? क्लार्कनी आयुष्यभरात असे चार रुग्ण पाहिले होते, लोकॉकनी दोन. क्लार्कना त्यांच्या चारांपैकी दोघांचंच पुढे काय झालं ते माहीत होतं. एक पूर्ण बरा झाला होता. दुसरा लुळा आणि मतिमंद झाला आणि सतरा वर्षांचा होऊन गेला. उपाय कोणाकडेच नव्हता. मात्र क्लार्कनी या आजाराला नाव दिलेलं होतं. त्या नावाने मी उडालेच.

सलाम. सलामची आकडी.

आपल्याकडचा शब्द. पूर्वेकडे लोक वाकून सलाम करतात तसं हे मूल वाकतं म्हणून. एका बाजूला लंडनचा सरदार डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला माझ्या सासूबाई, मध्ये १७० वर्षं, आणि दोघांना एकाच हालचालीत जवळजवळ एकच गोष्ट दिसली. माणसाचं मूल वाकलं की माणसाला त्यात अभिवादन दिसतं. तेव्हापासून सासूबाईंवरचा माझा उरलासुरला राग गेला. त्या बिचाऱ्या कित्येक महिने स्वतःला दोष देत होत्या, मी त्यांना हे वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे साहेबालाही कळलं नव्हतं.”

लंडनहून हात हलवत परतल्यावर वेस्टनी जे केलं, ते मला सगळ्यात मोठं वाटतं. २६ जानेवारी १८४१ या तारखेचं एक पत्र त्यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला लिहिलं. १३ फेब्रुवारीच्या अंकात ते छापून आलं. पत्र सोपं आहे. असा प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही, हा माझ्या स्वतःच्या मुलाचा आहे, कोणी असं काही पाहिलं असेल तर सांगा, अशी विनंती. आणि मग वर्णन. डोकं गुडघ्यांकडे जोराने झुकतं, लगेच सैल पडून सरळ होतं. एकेका झटक्यात हे दहा-वीस वेळा किंवा जास्त. एक झटका दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. मूल बसलेलं असो की आडवं, फरक नाही. सुरू होण्याआधी ते खूप हालचाल करतं, चमत्कारिक आवाज काढतं. ऐकू नीट येतं, दिसतं नीट. पण हसत नाही, मान धरत नाही, त्याच्या वयाच्या मुलासारखी हुशारी दिसत नाही. चेहरा शांत आणि केविलवाणा.

सर, त्या पत्रात निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान शिरलेलं नाही. पत्र लिहिणारा बाप आहे, कित्येक महिने तो मुलाला बिघडत जाताना बघतोय, स्वतःच्या हाताने जळवा लावून हरलाय, आणि तरी त्याने किती वेळा, किती मिनिटं, बसून की झोपून, एवढंच लिहिलं. मी रोज ऑफिसात लोकांना सांगते की ‘सिस्टिम चालत नाही’ असं लिहून पाठवू नका, काय केलं आणि काय दिसलं ते लिहा. आमच्याकडे पगार घेणारी माणसंही ते नीट लिहीत नाहीत. आणि पोटच्या मुलाबद्दल तसं लिहिणं म्हणजे काय, ते मी करून पाहिलंय. दवाखान्यातल्या त्या रात्रीनंतर मी एक वही केली. वेळ, किती झटके, जागा की झोपेत, किती सेकंद. पहिल्या दिवशीची पानं वाचवत नाहीत, शाई पसरलेली आहे. पण डॉक्टर बाई रोज सकाळी फेरीवर आल्या की आधी ती वही मागायच्या.

वेस्टच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला सतत खटकते. रात्री या मुलाजवळ जागत कोण होतं? पत्र लिहिणारा दिवसभर गावातल्या रुग्णांकडे जात असणार. मुलाने आधी कसला आवाज काढला, ते बारकाईने कोणी ऐकलं असेल? माझा आपला अंदाज. म्हणजे पलीकडच्या रकान्यातला.

पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. मुलगा बरा झाला नाही. सात-आठ वर्षांचा झाला तेव्हा लंडनच्या हायगेट भागात पार्क हाउस नावाची एक संस्था नुकतीच सुरू होत होती. अँड्र्यू रीड नावाच्या धर्मोपदेशकाने काढलेली. ‘इडियट’ मुलांचा आश्रम. तेव्हा तो शब्द शिवी नव्हता, कागदोपत्री वापरायचा वैद्यकीय शब्द होता. तिथल्या पहिल्या मुलांमध्ये जेम्स एडविन होता. या संस्थेत धर्मादाय जागा कशा मिळत, ते वाचून मी थक्क झाले. मतदानाने! देणगीदारांना देणगीच्या प्रमाणात मतं असत आणि वर्षातून ठरावीक वेळा निवडणूक होई. आईबापांनी देणगीदारांच्या घरोघरी पत्रं पाठवून आपल्या मुलासाठी मतं मागायची. हरलात तर पुढच्या निवडणुकीला पुन्हा. जेम्स मतांनी आत गेला की पैसे भरून, ते काही असो. ज्या आईने आपलं मूल दुसऱ्या मुलापेक्षा जास्त दयनीय कसं आहे ते छापून वाटलं असेल, तिचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला गेलात कधी? तिथल्या रांगेत मला ती आठवली होती.

वडील त्याच १८४८ साली वारले. आश्रम पुढे सरे परगण्यात अर्ल्सवुडला मोठ्या इमारतीत गेला. जेम्स एडविन तिथेच राहिला आणि १८६० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी क्षयाने गेला. पत्र जवळजवळ विस्मरणात गेलं. लोकॉकनी १८५७ मध्ये फेफऱ्यावर ब्रोमाइडचा उपयोग होतो असं सांगितलं, ते फेफऱ्यावरचं पहिलं खरं औषध. वेस्टना रिकाम्या हाताने पाठवणारे तेच लोकॉक. विसाव्या शतकात मेंदूचा आलेख काढता येऊ लागला. १९५२ साली अमेरिकेतल्या गिब्ज पतिपत्नींनी या मुलांच्या आलेखातल्या विशिष्ट गोंधळाला नाव दिलं. १९५८ मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांनी एसीटीएच हे संप्रेरक टोचून पाहिलं आणि अनेक मुलांचे झटके थांबले. माझ्या मुलाला दिली ती हीच इंजेक्शनं. पत्रानंतर ११७ वर्षांनी उत्तर आलं. त्या सुमारास कोणीतरी जुने अंक चाळताना ते पत्र पुन्हा वर काढलं आणि आजाराला वेस्टचं नाव मिळालं.

माझ्या मुलाचे झटके इंजेक्शनं सुरू झाल्यावर अकराव्या दिवशी थांबले. वहीत त्या दिवसाच्या पानावर नुसतं शून्य आहे, त्याच्याभोवती मी चार वेळा गोल केलाय. दोन वर्षांनी वेगळ्या प्रकारची आकडी सुरू झाली, ती औषधांनी बरीचशी आटोक्यात आहे. तो आता चौदा वर्षांचा आहे. चार वर्षांचा असताना चालायला लागला. वीस-पंचवीस शब्द बोलतो. विशेष शाळेत जातो. सात आठवडे वाया गेले नसते तर तो वेगळा झाला असता का? डॉक्टर बाईंना मी हे विचारलं होतं. त्या म्हणाल्या, लवकर उपचार झाले की काहींना फायदा होतो, तुमच्या मुलाचं झालं असतं की नाही ते कोणी सांगू शकत नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मी त्यांची ऋणी आहे. तरीही पहाटे जाग आली की मी ते सात आठवडे मोजते.

आपल्या वर्गातले दोघे बालरोगतज्ज्ञ आहेत, मी काही चुकीचं सांगत असले तर जेवताना कान धरा. पण बाकीच्यांना, विशेषतः ज्यांना आता नातवंडं होऊ घातली आहेत त्या आपल्या शिक्षकांना, एवढं सांगायला मी आज आले. तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंतचं बाळ, बहुधा झोपेतून उठल्यावर, एकामागून एक असे थांबून थांबून झटके देत असेल, डोकं पुढे, हात वर किंवा बाजूला, आणि त्याच वेळी हसणं, बघणं कमी होत असेल, तर त्याला नमस्कार म्हणू नका. पोटदुखी म्हणू नका. फोन उघडा, चित्रफीत घ्या, त्याच दिवशी दाखवा. पहिल्या डॉक्टरला कळलं नाही तर दुसरीकडे जा. विल्यम वेस्टकडे फोन नव्हता, म्हणून त्यांना पत्र लिहावं लागलं.

सर, ती प्रयोगवही माझ्याकडे नाही. आईने घर बदललं तेव्हा रद्दीत गेली. दवाखान्यातली वही आहे. आज पिशवीत घालून आणली आहे. वेळ मिळाला तर तुम्हाला दाखवायची आहे. लाल पेनही आणलंय.

आणि शेवटची एक आगाऊपणाची गोष्ट. माझा मुलगा बाहेर व्हरांड्यात त्याच्या बाबांबरोबर बसलाय. त्याला घंटेचा आवाज फार आवडतो. सकाळी आल्यापासून तो आपल्या शाळेच्या त्या जुन्या पितळी घंटेखालून हललेला नाही. शिपाईकाकांना मी विचारून ठेवलंय. जेवणाच्या सुट्टीची घंटा आज तो देणार आहे. किती टोल पडतील ते सांगता येत नाही, दहा-वीसही पडतील. घड्याळात बारा चाळीस झालेत, मी खाली बसते.